झोनिंगला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी
आमच्या सोसायटीला लागून एका खाजगी क्लबची जागा आहे. टेनिसची कोर्टं, पोहण्याचा तलाव आणि बाकी नुसती झाडं. तिचा ‘झोन’ बदलायचा विषय पालिकेच्या सभेत येतोय आणि हरकत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. झोनला ‘परिमंडळ’ लिहू का?

नकाशेवाला
नको. मुंबईत परिमंडळ म्हणजे उपायुक्तांच्या हाताखालचा वॉर्डांचा गट. पोलिसांचंही परिमंडळ असतंच. तुमची हरकत भलत्याच टेबलावर जाईल. विकास आराखड्याच्या भाषेत शब्द आहे ‘विभाग’. ‘शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे’ हे वाक्य राजपत्रात इतक्यांदा छापून आलंय की त्याचा शिक्काच करून ठेवावा. बोलताना मात्र सगळे रहिवासाला यलो झोन आणि शेतीला ग्रीन झोनच म्हणतात.

शब्दवेडी
पण वॉर्ड ऑफिसलाही ‘विभाग कार्यालय’ म्हणतात की!

नकाशेवाला
म्हणून नुसतं ‘विभाग’ लिहायचं नाही, पुढे ‘रहिवास’ किंवा ‘ना-विकास’ हवंच. आणि त्याआधी आराखड्याचा नकाशा बघा. तिथे विभाग बदलतोय की आरक्षण? विभाग सांगतो, या भागात काय बांधता येतं. आरक्षण म्हणजे अमुक एक भूखंड मैदान, शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला, मग मालक कुणी का असेना. लोक दोन्हीला ‘आरक्षण बदललं’ म्हणतात आणि हरकत तिथेच पातळ होते.

पेठकर
आरक्षणाची गंमत त्याच्या क्रियापदांत आहे. मालक म्हणतो, ‘माझ्या जागेवर आरक्षण पडलं’, जणू दरडच कोसळली. विरोधक म्हणतात, ‘आरक्षण उठवलं’. तेच काम फाइलीत ‘वगळलं’ होतं. आणि 10 वर्षांत जागा घेतली नाही, मालकाने नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस दिली, तरी पालिका मुदतीत हलली नाही, की कायद्याच्या भाषेत ते ‘व्यपगत’ होतं. म्हणजे कुणी काही केलंच नाही, आपलं आपण गेलं! मला या शब्दाचा मनापासून राग आहे.

लोअर परळ
‘पट्टा’ शब्दही जपून वापरा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची जमीन टर्फ क्लबकडे 1914 पासून 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने होती, तो 2013 मध्ये संपला. आता ‘पट्टा संपला’ असं लिहिलं तर भाडेकरार संपला की हिरवा पट्टा? 2024 मध्ये 211 एकरांपैकी 120 एकरांवर सार्वजनिक उद्यान आणि 91 एकर क्लबकडे, असं ठरलं. तिथला मोठा वाद भाडेपट्ट्याचा होता, तुमचा वापराचा दिसतोय. खाजगी मालकीच्या जागेला रेसकोर्सचा दाखला जसाच्या तसा लावू नका.

शब्दवेडी
हे बरं सांगितलंत, मी मसुद्यात तोच दाखला घातला होता. काढते. आता ‘रिक्रिएशन’ला काय? करमणूक?

पेठकर
करमणूक म्हटलं की कर आठवतो, नाहीतर तमाशाचा फड. विरंगुळा गोड शब्द आहे, पण तो ज्येष्ठांच्या केंद्रांनी घेऊन टाकला. आणि क्लबला आपण जिमखाना म्हणायचो. पुण्यात तर एका अख्ख्या भागाचं नाव डेक्कन जिमखाना, तिथे राहणाऱ्या कितीकांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नाही.

नकाशेवाला
हरकतीत ‘मनोरंजन मैदान’ लिहा, म्हणजे आर. जी., रिक्रिएशन ग्राउंड. ‘खेळाचं मैदान’ म्हणजे पी. जी., प्लेग्राउंड, ते वेगळं. आराखड्यातला फेरबदल त्याच कायद्याच्या कलम 37 खालचा असेल, तर नोटीस निघाल्यापासून हरकतींना एकच महिना मिळतो. शब्दांवर त्यातले पंधरा दिवस घालवू नका.

घोडबंदरवाली
पालिकेच्या सभेला आमच्याकडे ठाण्यात ‘महासभा’ म्हणतात, पुण्यात ‘मुख्य सभा’. अर्जावर तुमच्या पालिकेत चालतो तोच शब्द घाला. सभेला जाऊन बसणार असाल तर एक शब्द कान देऊन ऐका, ‘दप्तरी दाखल’. आमच्या बाजूचे एक काका तो ऐकून रडवेले झाले, त्यांना वाटलं प्रस्ताव मंजूर झाला.

शब्दवेडी
म्हणजे नाही झाला?

घोडबंदरवाली
अहो, बासनात गेला! पेढे वाटायचे. ‘तहकूब’ म्हणाले तर मात्र पेढे आणू नका, पुढच्या सभेची तारीख विचारून घ्या.