इन्यूइटांच्या ‘दंतकथा’ आणि दोन बुडालेली जहाजं

भटक्या७७:
ब्रिटिश दर्यावर्दी जॉन फ्रँकलिन 1845 ला एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात गेला आणि सगळे तिथेच मेले. त्यावर काल एकाने टाकलं, “फ्रँकलिनची जहाजं शेवटी सोनारने (पाण्याखाली आवाजाच्या लहरींनी शोधणारं यंत्र) शोधली, एस्किमोंच्या दंतकथांनी नाही.” आधी तर इन्यूइट म्हण बाबा, तिथल्या मूळ रहिवाशांचं नाव ते. आणि 1854 मध्ये जॉन रे हा शोधप्रवासी त्यांच्याकडूनच ऐकून आला होता ना, की फ्रँकलिनची माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी एकमेकांना खाल्लं? लंडनमध्ये गदारोळ झाला, कादंबरीकार डिकन्सने तर इन्यूइटांनाच खोटारडे, क्रूर ठरवलं. मग 1990 च्या दशकात त्याच मोहिमेतल्या माणसांच्या हाडांवर सुरीच्या खुणा मिळाल्या. एरेबस 2014 ला सापडलं ते पण ते लोक पिढ्यानपिढ्या सांगत होते त्याच बाजूला, अ‍ॅडलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेला. आता बोला.

तर्कट:
बोलतो. ‘त्याच बाजूला’ म्हणजे किती समुद्र ते नकाशात बघ जरा. 2008 पासून पार्क्स कॅनडा ही सरकारी संस्था शोधत होती. शेवटी एका बेटावर पायलटला जहाजाच्या यारीचा लोखंडी तुकडा दिसला, तेव्हा कुठे कळलं सोनार कुठे फिरवायचा. गोष्टींवरच काम भागत असतं तर सहा वर्षं कशाला लागली? आपल्याकडेही नाशकातल्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, आत शिलालेख सातवाहनांचे आणि मूर्ती बुद्धाच्या. लोकपरंपरा!!

सातपाटीची सून:
झालं, आले पांडव. माझे सासरे मासेमारी करायचे. देवळाचा कळस आणि मागच्या टेकडीचं टोक एका रेषेत आलं की डावीकडे वळायचं, नाहीतर पाण्याखालचा खडक. सर्व्हेच्या बोटीवरच्या साहेबांना त्यांनी चारदा सांगितलं, साहेब म्हणे चार्टमध्ये नाही. दुपारी बोट घासली, संध्याकाळी साहेब आमच्याच ओट्यावर चहा पित होते. आमच्याकडे खडकाची गोष्ट आहे, पांडवांची नाही.

तर्कट:
एका सासऱ्यावर सिद्धांत उभा राहत नाही ताई.

सातपाटीची सून:
आणि एका लेण्यावर राहतो? तुमच्या कुटुंबात कोणी समुद्र पाहिलाय का, की चौपाटीची भेळ एवढाच?

भटक्या७७:
ताई शांत. पण मुद्दा तोच. देवादिकांची गोष्ट वेगळी आणि ‘इथे, अमुक वर्षी, मी पाहिलं’ ही साक्ष वेगळी. लुई कामूकाक, तिथल्याच जोआ हेवन गावचे इन्यूइट, 2018 ला गेले. लहानपणी पणजीकडून ऐकलं आणि मग आयुष्यभर म्हाताऱ्यांकडून गोष्टी आणि जागांची नावं गोळा करत बसले. नाव हाच नकाशा असतो तिथे.

चहाबाज:
दुसऱ्या जहाजाचं, टेररचं कोणी का सांगत नाही? सॅमी कॉग्विक नावाचा तिथलाच माणूस स्नोमोबाइलवरून मासे धरायला चालला होता तेव्हा बर्फातून वर आलेलं लाकूड दिसलं, मास्टसारखं. त्याला मिठी मारून फोटो काढून घेतला आणि परतताना कॅमेराच हरवला. अपशकून समजून गप्प बसला. काही वर्षांनी शोधमोहिमेच्या जहाजावर त्याने हे सांगितलं, 2016 ला जहाज त्याच उपसागरात मिळालं, ज्याचं नाव आधीपासून टेरर बे. तर्कटराव, सोनार होता पण कुठे टाकायचा ते कोणी सांगितलं?

तर्कट:
बरं, टेररचं मान्य. खूश? पण ही आठवण दहा वर्षांच्या आतली, परंपरा कुठली त्यात.

नऊवारी:
तुम्ही सगळे इंग्रजांच्याच जहाजांभोवती नाचताय. इन्यूइटांचं स्वतःचं काय? अलास्कात उत्कियाग्विक गावाजवळ वालाक्पा नावाची जुनी वस्ती आहे, हजारो वर्षं माणसं राहिली तिथे, आता गोठलेली जमीन वितळून किनारा लाटांबरोबर चाललाय. लाकडी वस्तू, कातडं, हाडं इतकी वर्षं बर्फाने जपली आणि आता झपाट्याने कुजतात. तिथे गावातलेच लोक खणायला उतरतात कारण कोणतं हाड कशाचं, ते त्यांना घरात दिसतं.

तर्कट:
हा मुद्दा खरा आहे. पण तुम्ही तो धाग्याच्या शेवटी मांडताय.

नऊवारी:
कारण तोवर तुम्ही पांडवांचा संसार मांडून बसला होतात.

सातपाटीची सून:
तर्कटराव, पांडवांचं राहू दे. पुढच्या वेळी बोटीत बसलात तर माझ्या सासऱ्यांचा नंबर देते.