शब्दचर्चा: 'ग्रेगोरियन चॅन्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
युरोपातलं मध्ययुगीन चर्चसंगीत मी नुकतंच ऐकायला लागले आहे. मराठीत त्याबद्दल जे थोडंफार वाचलं, त्यात 'मंत्रोच्चार' हा शब्द दिसला. ऐकताना तो पटत नाही. योग्य शब्द कोणता? आणि 'प्लेनचॅन्ट', 'टेनर' यांचं काय?

पहिलं उत्तर:
न पटणं रास्त आहे. मूळ लॅटिन शब्द 'कान्तुस', म्हणजे सरळ गाणं. म्हणून 'ग्रेगोरियन गान' म्हणावं. (नाव पोप पहिले ग्रेगरी यांचं, कारकीर्द 590 ते 604, पण या चाली आजच्या रूपात आल्या त्या पुढे 8व्या-9व्या शतकात, फ्रँक राजांच्या मुलखात.) मंत्र म्हटलं की जप आठवतो. इथे बहुतेक बायबलातली वचनं अर्थासकट गायली जातात.

'पठण' मात्र अगदीच टाकाऊ नाही. साम (इंग्रजीत 'psalm', बायबलातलं स्तोत्र) म्हणताना बहुतेक ओळ एकाच सुरावर चालते आणि शेवटी खाली उतरते, थेट पोथी वाचल्यासारखी. त्याला 'सामपठण' खुशाल म्हणा. पण 'आलेलुया' ऐका: शेवटच्या 'या'वर सुरांची लांबच लांब लड येते, शब्द संपलेला आणि गाणं चालूच. याला पठण कसं म्हणणार?

'प्लेनचॅन्ट' हे अशा गानाचं व्यापक नाव. त्यातल्या 'प्लेन'चं भाषांतर 'साधं' करू नये. 'कान्तुस प्लानुस' हे नाव रूढ झालं ते तालात मोजलेल्या गाण्यापासून याला वेगळं काढण्यासाठी. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: अनिबद्ध गान.

दुसरं उत्तर:
'अनिबद्ध'वर माझी हरकत आहे. आपल्या शास्त्रात अनिबद्ध म्हणजे आलाप, गाणाऱ्याला मोकळीक असलेला. ग्रेगोरियन गानात शब्दही ठरलेले, सूरही ठरलेले. मोकळी असते ती फक्त लय. 'मुक्तलयीचं गान' कसं वाटतं?

एक भर घालतो. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मेस्त्र (संगीतशिक्षक) मुलांना सोल्फा, म्हणजे सुरांची नावं घेऊन गाणं, शिकवत. त्यातले रे, मी, फा, सोल, ला याच गानपरंपरेतून आले. 11व्या शतकात ग्विदो दारेत्सो या इटालियन भिक्षूने संत योहानाच्या एका स्तोत्रातल्या ओळींची पहिली अक्षरं उचलली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते, म्हणून हे जमलं. 'उत्'चा 'दो' पुष्कळ नंतर झाला. षड्जाचा सा, ऋषभाचा रे, तशीच ही नावं.

पहिलं उत्तर:
हरकत मान्य. 'मुक्तलयीचं गान' चांगलं आहे, मी यापुढे तेच वापरेन.

आता 'टेनर'. आज तो पुरुषाच्या उंच आवाजाचा प्रकार समजतात. मूळ क्रियापद 'तेनेरे', म्हणजे धरणं. टेनर म्हणजे धरणारा. हे कळण्यासाठी 'विदेरुंत ओम्नेस' हे लॅटिन गान दोनदा ऐका. आधी नुसतं ग्रेगोरियन गान. मग पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमधल्या पेरोतँ या संगीतकाराची, 1200 च्या आसपासची चार आवाजांची रचना. तिथे टेनर जुन्या चालीचा एकेक सूर धरून बसतो आणि वरचे तीन आवाज त्यावर नाचतात. पहिलं अक्षर 'वि' किती वेळ लांबतं ते पाहा. याला 'खर्ज' म्हणायचा मोह होईल, पण आवरा. तंबोऱ्याचा सा हलत नाही. इथे अक्षर बदललं की सूरही सरकतो. 'धरता आवाज' म्हणू या.

एकदम तिथे उडी मारू नका, बरं का. आधी 'साल्वे रेजिना' या मरियेच्या स्तोत्राची साधी चाल. दोनेक मिनिटांची आहे. लॅटिन शब्द समोर ठेवून चार-पाच वेळा ऐका. नंतर हिल्डेगार्ड (1098–1179) ही जर्मन मठातली संगीतकार: तिच्या चाली एवढ्या उंच झेप घेतात की आधीचं सपाट चालणं कानात मुरलेलं असेल तरच ती झेप कळते.

प्रश्नकर्ती:
आठवडाभर 'साल्वे रेजिना'च ऐकलं. काल राहवलं नाही, पेरोतँ लावला, डोळे मिटून फक्त खालचा आवाज धरला. 'वि'वरून 'दे'वर सूर सरकला तेव्हा अंगावर काटा आला. 'धरता आवाज' हा शब्द वहीत लिहून ठेवलाय.