मदत हवी आहे : चिखलदऱ्याच्या घाटात छोटी गाडी पिकअप घेत नाही

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी आहे. परतवाड्याकडच्या अरुंद रस्त्यांवर समोरून कापसाची बंडी (बैलगाडी) आली, तर डांबराच्या कडेला एक चाक उतरवून ती जशी अलगद निघते, तशी मोठी गाडी निघणार नाही; शिवाय इंजिन पूर्ण पिळून चालवण्याची मजा तिच्यात साध्या वेगातही मिळते. अडचण येते ती चिखलदऱ्याच्या घाटात. चार माणसे बसली की वळणानंतर दुसऱ्या गिअरमध्येही गाडी पिकअप घेत नाही, एसी बंद करावा लागतो आणि मागून येणाऱ्या एसटीला मुकाट्याने वाट द्यावी लागते. सुमारे ११०० मीटर उंचीवर विरळ हवेमुळे समुद्रसपाटीच्या तुलनेत इंजिनाची ताकद साधारण १० टक्क्यांनी घटते, हे मी धरूनच चालतो. पण येथे घट त्याहून बरीच जास्त वाटते. इंजिनाचा आवाज वाढतो तसा वेगही थोडा वाढतो, म्हणजे क्लच घसरत नसावा. तरीही मेकॅनिक क्लच प्लेट बदलण्याचाच आग्रह धरतो आहे (प्लेट त्याच्याकडे तयार आहे, हेही कारण असावे). आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे, की एअर फिल्टर आणि प्लगपासून सुरुवात करावी? अशा गाडीने नेहमी घाट चढणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.