मदत हवी आहे: संत्राबागेसाठी तीनचाकी ट्रॅक्टर
वरुड तालुक्यातील आमच्या बागेत झाडांमध्ये 6 मीटर अंतर असले तरी फांद्या झुकल्याने मोठा ट्रॅक्टर आत जात नाही, म्हणून भंगारातील डिझेल ऑटोचे एक सिलिंडरचे इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल (वळताना दोन्ही मागील चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) वापरून मी तीनचाकी ट्रॅक्टर उभा केला आहे. वखरासाठी मात्र तो पहिल्या गिअरमध्येही फार जोरात पळतो. 12 व 48 दातांच्या स्प्रॉकेटने (चेनच्या दातेरी चाकांनी) वेग चौथाईवर आणायचा आहे. पण ही जोडी डिफरन्शियलच्या आधी लावल्यास चौपट ताण त्याच्याच दातांवर येईल, आणि मागील चाकांपाशी लावल्यास काळ्या मातीचा चिकट गारा चेन खाऊन टाकेल. धुऱ्यावर वळताना ट्रॅक्टर कलंडू पाहतो, ही धास्ती वेगळीच. चेन कोठे बसवावी, आणि मागील चाकांतील रुंदी वाढवावी की वजन खाली घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.