स्टीम डेकवर सिटीज स्काइलाइन्स: सगळा ट्रॅफिक एकाच चौकात अडकून राहिला, काय करू?

बर्डीवाला२७

नमस्कार मंडळी. मामेभावाने बाहेरून येताना स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं मशीन आणलं, अन् त्याच्यावर मी दोन महिन्यांपासून सिटीज स्काइलाइन्स हा शहर वसवायचा गेम खेळून राहिलो, पहिला भाग, २०१५ चा. रोज सकाळी खापरीहून नागपूर मेट्रोत बसतो, पहिलंच स्टेशन असल्यामुळे जागा मिळते, बर्डी येईपर्यंत खेळतो अन् उतरताना पॉवरचं बटन दाबून झोपवून ठेवतो, संध्याकाळी जिथे सोडलं तिथूनच सुरू. उजव्या ट्रॅकपॅडवर माऊससारखं बोट फिरवायची सवय व्हायला आठवडा लागला, अक्षरं बारीक दिसतात, पण आता हात बसला.

शहर आपल्या नागपूरसारखंच बसवलं. मधात बर्डीसारखा एक मोठा चौक, पूर्वेला महाल-इतवारीसारखी दाट वस्ती, पश्चिमेला धरमपेठसारखे बंगले अन् त्याच्याही पुढे हिंगण्यासारखी इंडस्ट्री. हायवेवरून शहरात यायचा रस्ता एकच, तो सरळ चौकात येतो. गाड्या डावीकडून चालतील हे सुरुवातीलाच निवडलं होतं, नाहीतर डोळ्याला खटकते. २० हजार लोकसंख्येपर्यंत सगळं मस्त चाललं. ४० हजारला पोचलो अन् ट्रॅफिकच्या नकाशात चौकातले चारही रस्ते लाल, म्हणजे पूर्ण जाम. दोन लेनचा चार केला, चाराचा सहा केला, त्यासाठी दोन्हीकडची घरं पाडली, तरी सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये रांग लावून उभ्या अन् बाजूच्या दोन लेन रिकाम्या! काहून होते असं? कचऱ्याची गाडी पोचत नाही, अ‍ॅम्ब्युलन्स पोचत नाही, दुकानात माल नाही, लोक घरं सोडून चालले. शहराला माझ्या आजीच्या गावाचं नाव दिलेलं आहे, म्हणून हे मोडून नवीन सुरू कर असं कृपा करून सांगू नका.

दुसरं म्हणजे मे लागल्यापासून डेक लई तापते, पंखा जोरात फिरतो अन् दुपारी गेम अडकत अडकत चालतो. मशीनच खराब निघालं का?

वाडी_गोडाऊन

भाऊ, रस्ता कितीही रुंद केला तरी हे सुटणार नाही, कारण या गेममध्ये गाडी निघतानाच पूर्ण रस्ता ठरवून निघते. अंतर किती अन् वेगमर्यादा किती एवढंच ती पाहते, पुढे जाम आहे की नाही ते पाहतच नाही. अन् पुढे कुठं वळायचं ते आधीच ठरलेलं असते म्हणून लांबूनच त्या वळणाची लेन धरते. हजार गाड्यांना तेच वळण घ्यायचं असलं तं हजारही त्याच लेनमध्ये दिसतील, बाकीच्या लेन रिकाम्या राहू दे.

पह्यले एक काम कर. ट्रॅफिकच्या नकाशात रूट्स पाहता येतात, ते उघड अन् चौकातल्या रस्त्यावर क्लिक कर. त्या रस्त्यावरून जाणारी एकूणएक गाडी कुठून निघाली अन् कुठं चालली ते रंगीत रेषांनी दिसते. माझा अंदाज सांगू? निम्म्याच्या वर ट्रक निघतील. तुझी इंडस्ट्री पश्चिमेला अन् दुकानं पूर्वेला, बाहेरचा मालही त्याच एका रस्त्याने येते, म्हणजे प्रत्येक ट्रक चौकातूनच जाणार, त्याला दुसरा मार्ग तू दिलाच नाही. मी वाडीला गोडाऊनवर काम करतो, हे रोज डोळ्याने पाहतो. नागपुरात दिल्लीकडून दक्षिणेत जाणारा ४४ नंबरचा हायवे अन् पूर्व-पश्चिम जाणारा ५३ नंबरचा, दोन्ही येतात. या दोन्हीवरचे ट्रक बर्डीवरून जाऊ लागले तं आपण कोणीच ऑफिसला पोचणार नाही. म्हणून शहराला वळसा घालणारा रिंग रोड लागते.

तुझ्या शहरातही तेच कर. इंडस्ट्रीला हायवेवर चढा-उतरायचा स्वतःचा रॅम्प दे, चौकाशी त्याचा काही संबंध नको. मग शहराच्या बाहेरून एक रस्ता पूर्वेकडच्या दुकानांपर्यंत ने, वेगमर्यादा जास्त असलेला, म्हणजे गाड्या आपोआप तो निवडतील. हे झाल्यावरच मधल्या भागात जड वाहनबंदीची पॉलिसी लाव. दुसरा रस्ता नसताना लावून काही होत नाही.

आणखी एक. सहा लेनच्या रस्त्याला तू गल्ल्या जोडल्या असशील, दर दहा पावलांवर एक. प्रत्येक जोडावर सिग्नल बसते अन् प्रत्येक सिग्नलवर रांग लागते. अर्ध्या गल्ल्या तोड, आतूनच एकमेकींना जोड. घरं पाडावी लागली तं पाड. वर्धा रोडवर छत्रपती चौकातला चांगला उड्डाणपूल पाडला तेव्हा कुठं तिथं खाली रस्ता, मधात पूल अन् वर मेट्रो असं उभं झालं.

इतवारी_एक्सप्रेस

वाडीवाल्या दादांचं बरोबर आहे, फक्त एक जोडतो. कार्गो ट्रेनचं टर्मिनल टाक, बाहेरून येणारा माल रेल्वेने आला की हायवेवरचे ट्रक लई कमी होतात. पण ते बाजाराच्या मधात टाकू नको. मी टाकलं होतं, तं टर्मिनलमधून निघणारे ट्रकच इतके झाले की आधीपेक्षा वाईट जाम लागला, दोन दिवस वाया गेले. इंडस्ट्रीच्या बाजूलाच ठेव अन् त्याला वेगळा रस्ता दे. अन् चौकावरून पायी जायला वर पूल बांध. या गेममधले लोक पायी खूप लांब चालतात, अर्धी वस्ती गाडी काढणारच नाही.

अंबाझरीकाठ

मला ट्रॅफिकपेक्षा दुसरंच वाटलं. तुमच्याकडे इतक्या अ‍ॅम्ब्युलन्स लागून का राहिल्या? लोक आजारी पडत असतील तर पाण्याचा नकाशा उघडून पाहा. नदी कुठल्या दिशेने वाहते त्याचे बाण दिसतात. पाणी खेचायचा पंप प्रवाहाच्या वरच्या अंगाला हवा अन् सांडपाण्याचा पाइप खालच्या अंगाला. हे उलटं झालं की अख्खं शहर आपलंच घाण पाणी पिते, अन् कितीही दवाखाने बांधले तरी पुरत नाहीत. पंप एकाच जागी खूप लावले तर प्रवाहच उलटा फिरून घाण वापस येते, हे मला फार उशिरा समजलं.

मी या गोष्टीकडे जरा जास्तच लक्ष देते, कारण २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे आमच्या घरात कंबरेएवढं पाणी होतं. अंबाझरी तलाव भरून वाहिला अन् नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. नाग नदी शहरातून पूर्वेला जाते, पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, म्हणजे इथे सोडलेलं गोसीखुर्द धरणापर्यंत जाते. त्याच्यानंतर गेममध्येसुद्धा मी नदीला लागून घरं टाकत नाही, दोन्हीकडे झाडं लावून जागा मोकळी ठेवते.

अन् शववाहिन्याही अडकल्या असतील तर आठवून पाहा, २० हजारांची वस्ती एकदमच टाकली होती का? सारख्या वयाचे लोक एकदम येतात अन् एकदमच म्हातारे होऊन मरतात. घरं थोडी थोडी टाकत जा.

कूलरसमोर

डेकबद्दल सांगतो. मशीन खराब नाही दादा, हा आपल्या मे महिन्याचा प्रताप आहे. डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच २०२२ च्या उन्हाळ्यात सांगितलं होतं की डेक ० ते ३५ डिग्रीत चांगला चालते, त्याच्या वर गेलं की स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते. आतली चिप १०० डिग्रीला हळू होते अन् १०५ ला बंद. आपल्याकडे दुपारी ४५ असते, घरात पंख्याखाली ३८. तो बिचारा काय करणार?

तीन टिंबांचं बटन दाब, परफॉर्मन्समध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० वर बांधून टाक. या गेमला ६० ची गरजच नाही, बिल्डिंग काही पळत नाही. वॅटची मर्यादा, म्हणजे चिपने किती वीज खायची ती, मात्र एकदम खाली नको, कारण हजारो माणसांचा अन् गाड्यांचा हिशोब प्रोसेसर करते, त्याला ताकद नाही दिली तं शहरच मंद होते. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नको, हवा मागून आत जाते अन् वरून गरम होऊन निघते, मागचं तोंड दाबलं की संपलं. कूलरच्या अगदी तोंडासमोरही नको, ओलाव्याची हवा आत जाईल, बाजूला बस. मी तं मे महिन्यात सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री दहानंतरच खेळतो.

बर्डीवाला२७

सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवस लागले पण करून पाहिलं. रूट्स उघडल्याबरोबर दिसलं, चौकातले बहुतेक ट्रकच होते, अन् त्यातले कितीतरी तं शहरात थांबतच नव्हते, हायवेवरून येऊन इंडस्ट्रीत जायचे, बस. पश्चिमेला वेगळा रॅम्प दिला, दक्षिणेकडून वळसा घालणारा रस्ता काढला, नऊ गल्ल्या तोडल्या. त्यासाठी आजीच्या नावाची शाळा पाडावी लागली, ती आता बागेजवळ वापस बांधली. चौक अजून संध्याकाळी पिवळा होते पण लाल नाही.

ताई, पंपाचं तुमचं अगदी बरोबर निघालं. सांडपाणी वरच्या अंगालाच होतं. पाइप हलवला अन् गेममधल्या दोन महिन्यांत दवाखाने रिकामे झाले.

फ्रेम ३० वर बांधल्या, मेट्रोतल्या एसीत तं आता पंख्याचा आवाजही येत नाही. कार्गो टर्मिनल राहिलं आहे, पैसे जमले की टाकतो. इतवारीवाले दादा, त्याचा रूळ इंडस्ट्रीच्या उत्तरेने आणू की दक्षिणेने? दक्षिणेला नवा रस्ता आडवा येते.

इतवारी_एक्सप्रेस

उत्तरेने आण. रस्त्यावरून रूळ नेला तं फाटक लागते अन् ट्रक परत अडकतात.