मदत हवी आहे : घरखर्च आणि कर्जासाठी चांगलं ॲप सुचवा

गोदाकाठ_४२ :
नमस्कार. घरखर्च आणि कर्जं दोन्ही एकाच ठिकाणी दिसतील असं ॲप हवंय. एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारं असेल तर उत्तम, हाताने लिहायला वेळ नाही. माझा आणि ह्यांचा खर्च एकत्र दिसला पाहिजे. एक ॲप टाकून बघितलं, त्याने गेल्या महिन्याचा खर्च 1,31,000 दाखवला. दोघांचा मिळून हातात येणारा पगारच 78,000 आहे! काढून टाकलं. फुकट असेल तर बरं. कृपया 'वहीत लिहा' सांगू नका. 1 तारखेच्या आत लावायचंय, लवकर सांगा.

खडूस_आजोबा :
वहीत लिहा.

तळ्यात_मळ्यात :
मनी मॅनेजर. डोळे झाकून. मी, माझी बहीण, ऑफिसातले निम्मे लोक तेच वापरतात. नोंद हाताने करावी लागते, पण भाजी घेऊन पिशवी उचलायच्या आत होते.

गोदाकाठ_४२ :
हाताने नको असं वरच लिहिलंय.

इस्लामपूरकर :
ताई, फोन कुठले दोघांचे? आणि 'कर्जं' म्हणजे किती, कशाची? त्याशिवाय काय सांगणार.

गोदाकाठ_४२ :
माझा अँड्रॉइड, ह्यांचा आयफोन. एक पर्सनल लोन आणि एक क्रेडिट कार्ड. त्याचा ॲपशी काय संबंध?

इस्लामपूरकर :
फोनचा तर पुरता संबंध आहे. आयफोनवर बाहेरच्या ॲपला एसएमएसचा इनबॉक्स वाचताच येत नाही, ॲपल देतच नाही. म्हणजे मिस्टरांचा खर्च आपोआप येणार नाही, कुठलंही ॲप घ्या. अँड्रॉइडवरही 2019 पासून गूगलने एसएमएसची परवानगी आवळली आहे.
आता ते 1,31,000. मिस्टर तुमच्या खात्यावर घरखर्चाचे पैसे टाकतात ना? आणि कार्डाचं बिल तुमच्या खात्यातून जातं? मग कार्डावर केलेली खरेदी एकदा मोजली, बिल भरलं तेव्हा तीच परत मोजली. शिवाय आपापसातले ट्रान्सफरही त्याने खर्चात धरले असणार. ते 'खर्च नाही' म्हणून एकेक करून बाजूला काढावे लागतात. कुणी काढत नाही.

गोदाकाठ_४२ :
हो, बिल माझ्याच खात्यातून जातं. आणि हे दर महिन्याला 25 हजार टाकतात. बरं, मग?

पाचवा_गिअर :
एसएमएसवाली ॲप्स आता तशीही लंगडी झालीत. यूपीआय लाइटवरून (यूपीआयमध्येच आधी पैसे टाकून ठेवायचं छोटं पाकीट) दूध, रिक्षा, वडापाव दिला की प्रत्येक व्यवहाराचा मेसेज येत नाही. पासबुकातही फक्त लाइटमध्ये टाकलेले पैसे दिसतात, कुठे गेले ते नाही. काही बँका शंभराखालच्या यूपीआयचा मेसेजच पाठवत नाहीत. घर तर त्या शंभराखालच्याच खर्चात खचतं.
अकाउंट ॲग्रिगेटरवर चालणारं ॲप घ्या. रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेली व्यवस्था आहे, 2021 पासून चालू आहे. संमती दिली की दोघांच्या बँक खात्यांची माहिती येते, आयफोन असो की काही असो. संमती मागेही घेता येते.

मुदतठेव :
आणि ती माहिती जाते कुणाकडे? ॲग्रिगेटर नुसता पोस्टमन, तो पाकीट फोडत नाही हे मान्य. पण पाकीट ज्या ॲपच्या हातात पडतं ते तुमची मिळकत, हप्ते, सगळं बघतं आणि आठवड्याभरात 'तुम्हाला 3 लाखांचं प्री-अप्रूव्ड' सुरू होतं. वॉलनट नावाचं खर्चाचं ॲप आठवतं का? किती सुरेख चालायचं. 2018 मध्ये कर्ज देणाऱ्या कंपनीने घेतलं, पुढे त्याचं ॲक्सिओ झालं. कर्ज विकणाऱ्याकडून कर्ज फेडायची शिस्त शिकायची!

पाचवा_गिअर :
तुम्ही संमतीची मुदत आणि कारण न वाचता 'ओके' दाबत असाल तर दोष व्यवस्थेचा नाही.

मुदतठेव :
कोण वाचतं? तुम्ही वाचता?

पाचवा_गिअर :
हो, वाचतो.

एडिसन_एनजे :
आमच्याकडे अमेरिकेत सगळे मिंट ॲप वापरायचे, ते इंट्यूट कंपनीने मार्च 2024 मध्ये बंद केलं. मी वायनॅब ॲपवर गेलो. वर्षाला 109 डॉलर आहेत, पण पैसे वसूल. प्रत्येक डॉलरला काम नेमून द्यायचं हे त्यांचं तत्त्व फार आवडलं.

तळ्यात_मळ्यात :
ताई नाशिकच्या असाव्यात असं आयडीवरून वाटतंय, एडिसनच्या नाही. 109 डॉलरमध्ये त्यांचा दोन महिन्यांचा किराणा होईल.

निवृत्त_शाखाधिकारी :
ॲपचं नंतर बघू. कार्डावर किती थकलंय, आणि पूर्ण भरता की नुसती किमान रक्कम, 'मिनिमम ड्यू'?

गोदाकाठ_४२ :
1,20,000. मिनिमम भरते, साधारण 6,000. वेळेवर भरते, एकदाही चुकलेलं नाही.

निवृत्त_शाखाधिकारी :
दर महिना साडेतीन टक्के धरू. 1,20,000 वर 4,200 व्याज. त्यावर 18 टक्के जीएसटी, 756. झाले 4,956. तुमच्या 6,000 मधून मुद्दल कमी झालं हजार-चव्वेचाळीस रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज कार्डावर घेतलेल्या साबणालाही आजपासून व्याज. कार्ड कपाटात ठेवा आधी. मग बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून घ्या, दर निम्म्याखाली येतो.
पर्सनल लोनचा दर काय, हप्ता काय?

गोदाकाठ_४२ :
14 टक्के, हप्ता 11,400, बाकी 3,10,000. ह्यांच्या कंपनीच्या पतपेढीचंही आहे थोडं, पण ते पगारातूनच कापतात म्हणून धरलं नव्हतं.

निवृत्त_शाखाधिकारी :
धरा. 33 हप्ते उरलेत पर्सनलचे. पतपेढीचा दर फ्लॅट आहे का विचारा, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. 3 वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅट म्हणजे खरा दर 21 च्या आसपास, पर्सनल लोनपेक्षा महाग.

सुगरणीचा_खोपा :
मी आधी सगळ्यात छोटं कर्ज संपवलं होतं. एक नाव यादीतून गेलं की हुरूप येतो. दरबिर बघत बसू नका.

निवृत्त_शाखाधिकारी :
वर्षाला 42 टक्क्यांचं कार्ड ठेवून छोटं कर्ज फेडायचं? हुरूप महागात पडेल.

सुगरणीचा_खोपा :
काका, फेडलंय मी सगळं. तुम्ही कर्ज द्यायच्या खुर्चीत होतात, आम्ही समोरच्या.

पाचवा_गिअर :
सोनं असेल तर गोल्ड लोन काढून कार्ड मिटवा. 10 टक्क्यांच्या आसपास पडतं. सोपा हिशेब.

मुदतठेव :
बाईच्या अंगावरचं सोनं काढायला लावणं सोपंच असतं.

पाचवा_गिअर :
विकायला नाही सांगितलं हो.

गोदाकाठ_४२ :
पाटल्या आधीच बँकेत तारण आहेत. गेल्या वर्षी फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनला कमी पडले तेव्हा 95,000 काढले होते. त्याला हप्ता नाही, म्हणून ॲपमध्ये कुठे टाकायचं तेही कळेना.

इस्लामपूरकर :
हप्ता नाही म्हणजे मुदत संपताना व्याजासकट एकरकमी! तारीख काय आहे?

गोदाकाठ_४२ :
18 जानेवारी.

इस्लामपूरकर :
ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं. 10 टक्क्यांनी 1,04,500 होतात. ह्याचा एसएमएस बहुतेक मुदतीच्या तोंडावरच येणार, तोवर कुठलंच ॲप तुम्हाला सांगणार नाही. आत्ताच बँकेत जाऊन विचारा, व्याज भरून नूतनीकरण करून देतात का, आणि काही मुद्दल भरलं तर उरलेल्याचं काय.

खडूस_आजोबा :
वहीत असतं तर पहिल्या पानावर असतं.

सुगरणीचा_खोपा :
भिशी आहे का तुमची?

गोदाकाठ_४२ :
आहे, 15 जणी, 5,000 ची. माझी मार्चमध्ये आहे.

सुगरणीचा_खोपा :
मग जानेवारीची जिची आहे तिच्याशी नंबर बदलून घ्या. आमच्यात लग्नकार्य, दवाखाना असला की सर्रास करतात, कुणी नाही म्हणत नाही. 75,000 आले की सोनं निम्म्याहून जास्त सुटलं.

मुदतठेव :
भिशीला कायद्याचा आधार काय? उद्या एखादी पळाली तर?

सुगरणीचा_खोपा :
आमच्या भिशीतली एकच पळाली, ती लग्न करून. पैसे भरून गेली.

तळ्यात_मळ्यात :
अवांतर फार झालं. ॲपचं सांगते : मनी मॅनेजर नको असेल तर गुडबजेट. दोन फोनवर एकच हिशेब चालतो, अँड्रॉइड-आयफोन दोन्हीवर. किराणा, फी, हप्ते अशी पाकिटं करायची. 'पाटल्या' नावाचं पाकीट करून त्यात दर महिन्याला पैसे बाजूला टाका. नोंद हाताने, पण आपोआपवाल्याचा अनुभव घेतलात की.

गोदाकाठ_४२ :
गुडबजेट टाकलं दोन्ही फोनवर. जानेवारी वंदनाताईंची आहे, त्या हो म्हणाल्या. बँकेत सोमवारी जाते. ह्यांनी पहिलीच नोंद केली, 'चहा 20', आणि ती 'पाटल्या'त टाकली. आता पाकीट कसं बदलायचं?

तळ्यात_मळ्यात :
नोंदीवर बोट दाबा, उघडेल, तिथेच पाकीट बदलून सेव्ह करा. दुसऱ्या फोनवर आपोआप दुरुस्त होईल.

खडूस_आजोबा :
चहा 20 ला? कुठे घेतात?