मदत हवी आहे: भुईकाट्याचं वजन लॅपटॉपवर वाचलं जातं, सर्व्हरवर मात्र ४१५ एरर

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. आर्णीजवळच्या एका जिनिंगवर भुईकाट्याच्या नोंदी आपोआप चढवायचं काम अंगावर घेतलंय. मूळचा पीएचपीवाला, पायथनमध्ये नवाच. मोबाइलवर मराठी कीबोर्डाने लिहितोय, म्हणून कोड शब्दांत सांगतो.

काट्याच्या इंडिकेटरला एक जुनी पेटी जोडलेली आहे. ऑपरेटरने बटण दाबलं की ती पोस्ट रिक्वेस्ट करते. आत जेसन वगैरे काही नाही, एकच ओळ असते: पावती क्रमांक, गाडी क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, आणि मध्ये उभ्या रेघा. शेवटच्या आकड्यात चूक चालत नाही. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कपात, १२ च्या वर गेला तर सीसीआय (भारतीय कापूस निगम) कापूस घेतच नाही. आजवर तो पावतीवरून वहीत आणि वहीतून एक्सेलमध्ये उतरवला जायचा. ९.१ चा १.९ झालेला मी स्वतः पाहिलाय.

जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (एपीआय बनवायची पायथनची चौकट) बेसपार्सरवरून स्वतःचा पार्सर, म्हणजे आलेला मजकूर उलगडणारा कोड, काढला. मीडिया टाइप (कोणत्या प्रकारचा मजकूर घ्यायचा ते) ‘टेक्स्ट/प्लेन’. पार्स मेथडमध्ये स्ट्रीम वाचायची, बाइट्स डीकोड करायचे, रेघेवर तुकडे पाडून डिक्शनरी परत द्यायची. व्ह्यूला (रिक्वेस्ट हाताळणारा कोड) हा एकच पार्सर लावलाय.

लॅपटॉपवर रनसर्व्हर (जँगोचा चाचणीपुरता सर्व्हर) चालवून पेटीची लॅन केबल थेट लावली की झकास चालतं. तोच कोड व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर), एनजिनएक्स वेब-सर्व्हरमागे पायथन चालवणारा गनिकॉर्न, तर प्रत्येक वजनाला ४१५ एरर. गंमत म्हणजे पोस्टमनवरून (रिक्वेस्ट पाठवून पाहायचं ॲप) त्याच व्हीपीएसला तीच ओळ पाठवली तर व्यवस्थित घेतो!

आणखी एक. व्ह्यूच्या पहिल्याच ओळीत ‘पेटी जिवंत आहे’ अशी वेळेची नोंद करतो. ती नोंद डेटाबेसमध्ये पडते, वजन पडत नाही. म्हणजे रिक्वेस्ट व्ह्यूपर्यंत पोचतेय. मग फ्रेमवर्क तिला नाकारतं तरी कुठं? तीन रात्री गेल्या, त्यातली एक नुसती लाइट नसल्यामुळे.

रिकामा_गडी

सीएसआरएफ (बनावट रिक्वेस्ट अडवणारी तपासणी) असेल भाऊ. व्ह्यूला सूट देऊन पहा.

संत्राबर्फी

सीएसआरएफ असतं तर ४०३ आलं असतं. ४१५ चा अर्थ एकच, आलेल्या कंटेंट-टाइपला (मजकुराचा प्रकार सांगणारं हेडर) जुळणारा पार्सर यादीत सापडला नाही.

दादा, पेटी कंटेंट-टाइप कोणता पाठवते ते पाहिलंत का? पोस्टमन काय पाठवतो ते विचारत नाहीये, पेटीचं सांगा.

आणि ‘जिवंत’ नोंदीचं कोडं सोपं आहे. पार्सिंग व्ह्यूच्या आधी होत नाही. तुम्ही रिक्वेस्ट.डेटाला पहिल्यांदा हात लावता तेव्हा फ्रेमवर्क हेडर बघतं, पार्सर निवडतं आणि स्ट्रीम वाचतं. तुमची नोंद त्याच्या आधीची, म्हणून ती वाचली.

पऱ्हाटीवाला

पेटीच्या माहितीपत्रकात हेडरबद्दल अक्षर नाही. कंपनीला फोन केला तर ‘साहेब, सगळ्यांकडे चालते’ एवढंच उत्तर. पण लॅपटॉपवर तोच पार्सर निवडला जातो, म्हणजे ‘टेक्स्ट/प्लेन’च पाठवत असणार ना?

मधे एक प्रयोग केला. पार्सरच्या मीडिया टाइपमध्ये पुढे अर्धविराम देऊन कॅरसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) यूटीएफ-८ जोडलं. तर पोस्टमनचंही बंद पडलं. परत काढलं.

बेंबळाकाठी

राजेहो, लॅपटॉपवर चालते म्हणून पेटी हेडर पाठवतेच असं नसते. मी याच खड्ड्यात पडलो होतो.

रनसर्व्हर हा पायथनसोबतच येणाऱ्या डब्ल्यूएसजीआयरेफ या साध्या सर्व्हरवर उभा आहे. रिक्वेस्टमध्ये कंटेंट-टाइप नसलाच तर तो स्वतःच्या मनाने ‘टेक्स्ट/प्लेन’ भरून देतो. ईमेलच्या जुन्या नियमातून आलेली सवय आहे ती. गनिकॉर्न असे लाड करत नाही. हेडर आलं तर पुढे देतो, नाही आलं तर नाही. म्हणजे पेटी काहीच पाठवत नाही, लॅपटॉप तिच्या वतीने खोटं बोलतो आणि व्हीपीएस खरं बोलतो. तुम्ही तीन दिवस खरं बोलणाऱ्यालेच शिव्या देऊन राहिले.

खात्री करायची तर कर्लने (कमांडवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) करा. पण ध्यानात ठेवा, कर्लला नुसता डेटा दिला की तो आपणहून फॉर्म-यूआरएल-एन्कोडेड असं हेडर लावतो. ते काढायला हेडरच्या पर्यायात ‘कंटेंट-टाइप’ लिहून पुढे फक्त कोलन (:) द्या, त्यानंतर काही नको. हीच रिक्वेस्ट दोन्हीकडे मारा.

कॅरसेटचं म्हणाल तर पार्सरच्या मीडिया टाइपमध्ये जे पॅरामीटर लिहाल ते रिक्वेस्टमध्येही जसंच्या तसं असावं लागतं. पोस्टमनने कॅरसेट पाठवलं नव्हतं, म्हणून जुळलं नाही. पार्सरमध्ये नुसता प्रकार लिहावा.

पऱ्हाटीवाला

भाऊ, पाय कुठे आहेत तुमचे?

रिकाम्या हेडरने कर्ल मारला. रनसर्व्हरवर २०० (म्हणजे ठीक), व्हीपीएसवर ४१५. उत्तरात ‘अनसपोर्टेड मीडिया टाइप’च्या पुढे अवतरणचिन्हं आहेत आणि त्यांच्या आत काहीच नाही. हा मजकूर पेटी दाखवत नाही, नुसता आकडा दाखवते, नाहीतर पहिल्याच दिवशी डोक्यात प्रकाश पडला असता.

आता उपाय काय? पेटीचं सॉफ्टवेअर माझ्या हातात नाही.

संत्राबर्फी

तीन वाटा आहेत. पार्सरचा मीडिया टाइप ‘तारा/तारा’ (*/*, म्हणजे कोणताही प्रकार) करा, म्हणजे रिकामं हेडरही जुळतं. फ्रेमवर्कचा स्वतःचा फाइल-अपलोड पार्सर असाच आहे. किंवा कंटेंट निगोशिएशनचा (पार्सर निवडणारा) क्लास स्वतः लिहून सिलेक्ट-पार्सरमध्ये डोळे मिटून यादीतला पहिला पार्सर परत द्या. किंवा एनजिनएक्सलाच त्या एका पत्त्यापुरतं हेडर लावायला सांगा.

एनजिनएक्सची वाट मला आवडत नाही. सहा महिन्यांनी सर्व्हर बदलाल, ती ओळ विसराल आणि पुन्हा इथेच धागा काढाल. पहिली घ्या, पण फक्त या व्ह्यूवर. सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट यादीत ‘तारा/तारा’वाला टाकू नका. यादीत वरून खाली पाहत जो पहिला जुळेल तो पार्सर निवडला जातो. तुमचा वर बसला तर बाकी व्ह्यूंचा जेसनही गिळेल.

पऱ्हाटीवाला

पहिली वाट घेतली. वजनं पडायला लागली!

पण आता मूळ ओळ लॉगमध्ये ठेवावी म्हणून रिक्वेस्ट.डेटानंतर रिक्वेस्ट.बॉडी छापायला गेलो, तर रॉ-पोस्ट-डेटा एक्सेप्शन.

बेंबळाकाठी

स्ट्रीम एकदाच वाचता येते. पार्सरने पिऊन टाकली, आता पेला रिकामा. एक तर बॉडी आधी वाचा आणि डेटा नंतर, मग फ्रेमवर्क साठवलेल्या बॉडीवरून नवी स्ट्रीम बनवून पार्सरला देतं. नाहीतर पार्सरमध्येच मूळ ओळ डिक्शनरीत एक जादा किल्ली म्हणून ठेवा. मी दुसरं करतो.

आणि एक. कंटेंट-लेंग्थ (मजकुराची लांबी सांगणारं हेडर) तरी पाठवते का पेटी? ती नसली तर फ्रेमवर्क बॉडी नाहीच असं धरतं, पार्सरला हाकच मारत नाही आणि रिक्वेस्ट.डेटा रिकामा देतं. ना चूक ना तक्रार. त्यापेक्षा ४१५ बरं.

पऱ्हाटीवाला

लेंग्थ पाठवते, नशीब. जादा किल्ली ठेवली.

शेवटचं विचारतो. कधी कधी ओलावामापक जोडलेला नसतो, तेव्हा ओळीत चारच तुकडे येतात. तिथे मी पार्स-एरर फेकतो, ४०० जातं. पण पेटीला २०० मिळालं नाही की ती तीच ओळ पुन्हा पुन्हा पाठवते आणि मागची सगळी वजनं अडकतात. आज संध्याकाळी एका ट्रॉलीपायी ११ गाड्यांच्या नोंदी खोळंबल्या. शेतकरी पावतीसाठी ताटकळत उभे.

संत्राबर्फी

कारण तुम्ही पार्सरला तहसीलदार करून ठेवलंय. त्याचं काम तुकडे पाडणं एवढंच. चार तुकडे आले तर ओलाव्याच्या जागी None (पायथनची रिकामी किंमत) देऊन पुढे पाठवा. चालेल की नाही ते सिरियलायझर (डेटा तपासणारा भाग) ठरवेल. नाही चाललं तर व्ह्यूमध्ये ओळ ‘तपासणी बाकी’ म्हणून वेगळ्या टेबलात टाका आणि पेटीला २०० द्या. पार्स-एरर फक्त बाइट्स डीकोडच झाले नाहीत, असल्या कचऱ्याला ठेवा. तोही कचरा पेटी परत परत पाठवणार असेल, तर व्ह्यूमध्ये पकडून त्यालाही २००. शुद्ध एपीआयवाले नाक मुरडतील, पण त्यांच्या दारात ट्रॉल्या उभ्या नसतात.

रिकामा_गडी

मी सीएसआरएफ म्हणालो ते मागे घेतो बाप्पा.

पऱ्हाटीवाला

केलं तसंच. अडकलेल्या ११ नोंदी उतरल्या, चार तुकड्यांची ओळ बाजूच्या टेबलात गेली. ऑपरेटरला सांगितलंय, सकाळी आधी मापकाची वायर पाहायची, मग चहा. सगळ्यांचे आभार, धागा सुटला असं धरा.